एका रात्रीचे नाटक

दास्तान आणि अफसाना यांतला फरक वर्गात समजावताना आम्ही मुलांना सोप्या शब्दांत सांगतो की, दास्तान संपू नये म्हणून सांगतात आणि अफसाना संपावा म्हणून लिहितात. अमीर हमजाची दास्तान रात्रीमागून रात्री चालू शकते. एक तिलिस्म तुटला की दुसरा उभा राहतो आणि हमजाचे काही वाईट होणार नाही, याची ऐकणाऱ्याला खात्री असते. अफसान्यात अशी खात्री कुणाला मिळत नाही. मंटोचा बिशनसिंग दोन देशांच्या मध्ये जमिनीवर कोसळतो तो कोसळतोच, पुढच्या आठवड्यात तो उठून बसत नाही.

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आपण जे रोज पाहतो ते बहुतेक सगळे दास्तानीच्या घराण्यातले आहे. सून, सासू, पोलीस निरीक्षक, सगळे उद्या पुन्हा हजर. हे माध्यम जणू तेवढ्यासाठीच जन्माला आले, असा आपला समज झाला आहे. म्हणून इंग्लंडच्या दूरचित्रवाणीवरील एका जुन्या उपक्रमाबद्दल येथे लिहावेसे वाटते. बीबीसीने १९६४ ते १९७० या काळात 'द वेन्सडे प्ले' आणि पुढे १९७० ते १९८४ पर्यंत 'प्ले फॉर टुडे' या नावाने स्वतंत्र नाटके दाखवली. नाव बदलले याचे कारण साधे होते. नाटकाचा वार बुधवारवरून गुरुवारवर गेला, मग बुधवारचे नाव कसे चालणार? दर वेळी नवे नाटक, नवी पात्रे, बहुधा नवा लेखक. एका रात्री गोष्ट सुरू व्हायची आणि त्याच रात्री संपायची. 'प्ले फॉर टुडे'खालीच सुमारे तीनशे नाटके झाली. त्यांतली जी हाती लागली ती आम्ही उपशीर्षके लावून पाहिली, कारण लिव्हरपूलकडचे उच्चार आमच्या बी.एड.च्या इंग्रजीला पेलत नाहीत.

या प्रकाराची सुरुवात मात्र बीबीसीत झाली नाही. जाहिरातींवर चालणाऱ्या आयटीव्हीवर १९५६ पासून 'आर्मचेअर थिएटर' चालू होते. १९५८ मध्ये सिडनी न्यूमन नावाचा कॅनडाचा माणूस त्याच्या प्रमुखपदी आला. इंग्रजी नाटक म्हणजे दिवाणखाना, चहाचे कप आणि सभ्य माणसांचे सभ्य व्यभिचार, हे त्याला मान्य नव्हते. बंदरातला कामगार, गिरणीतली मुलगी, भाड्याच्या खोलीतला बेकार माणूस पडद्यावर दिसला पाहिजे, हा त्याचा आग्रह. तेव्हा नाटके थेट प्रक्षेपित होत. ३० नोव्हेंबर १९५८ रोजी 'अंडरग्राउंड' या नाटकाचे प्रक्षेपण चालू असतानाच गॅरेथ जोन्स हा नट दोन प्रवेशांच्या मधल्या वेळात मरण पावला आणि बाकीच्यांनी त्याचे संवाद सावरून घेत नाटक शेवटाला नेले. न्यूमन पुढे बीबीसीच्या नाट्यविभागाचा प्रमुख झाला आणि बुधवारचे नाटक त्याच्याच कारकिर्दीत उभे राहिले. गमतीची गोष्ट अशी की, १९६३ साली 'डॉक्टर हू' ही कधीच न संपणारी मालिका सुरू करण्यातही याच माणसाचा मोठा हात होता. दास्तान आणि अफसाना, दोन्ही एकाच हातून!

तेव्हा इंग्लंडात वाहिन्या होत्या दोन, १९६४ पासून तीन. चौथी यायला १९८२ उजाडले. याचा अर्थ असा की, रात्री नऊच्या सुमारास एखाद्या लेखकाचे नाटक लागले, तर कारकून, कामगार, मंत्री, पाद्री असे सगळे ते एकाच वेळी पाहत. छापील पुस्तकाच्या लेखकाला असा श्रोतृवर्ग कधी मिळत नाही. लेखकाला एक रात्र मिळत होती आणि त्या रात्री सगळा देश त्याच्यासमोर बसलेला असे. या नाटकांविषयीची आमची सगळी चर्चा या एका रात्रीभोवती फिरते. ती मिळाल्यावर लेखकाने काय केले? आणि ती कुणाला मिळाली?

पहिल्या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर म्हणजे १६ नोव्हेंबर १९६६ रोजी दाखवलेले 'कॅथी कम होम'. लेखक जेरेमी सँडफर्ड, निर्माता टोनी गार्नेट, दिग्दर्शक केन लोच. सुमारे एक कोटी वीस लाख लोकांनी ते पाहिले. कॅथी ही खेड्याकडून लंडनला आलेली तरुण मुलगी रेज नावाच्या ट्रकचालकाशी लग्न करते. आधी छानसे घर मिळते. मग कामावर रेजला अपघात होतो, उत्पन्न आटते आणि उतरंड सुरू होते. सासूच्या गर्दीच्या घरात, तेथून एका भल्या म्हातारीच्या जुन्या घरात, ती वारल्यावर तिच्या वारसाने हुसकावले म्हणून फिरत्या घरांच्या वस्तीत, तेथे स्थानिक लोकांनी आग लावली म्हणून पडक्या इमारतीत आणि अखेर सरकारी निवाऱ्यात. त्या निवाऱ्यात नवऱ्याला प्रवेश नाही. बायको-मुले आत, बाप बाहेर. कुटुंब मोडण्याचे काम घरमालकाने अर्धे केलेले असते, उरलेले नियमावली करते. शेवटी मुदत संपल्यावर तेथूनही बाहेर काढलेली कॅथी मुलांना घेऊन रेल्वे स्टेशनवर बसलेली असते आणि कल्याण खात्याची माणसे येऊन तिच्या कुशीतून मुले ओढून नेतात.

हे कथानक सांगितले की, रडवणारे नाटक वाटते. आपल्याकडचे कितीतरी चित्रपट याहून जास्त रडवतात. परंतु 'कॅथी'ची ताकद अश्रूंत नाही. एक तर ते स्टुडिओतल्या खोट्या भिंतींमध्ये फारसे अडकलेले नाही. हलक्या १६ मिलिमीटर कॅमेऱ्याने ते बहुतांशी रस्त्यांवर, खऱ्या चाळीसारख्या इमारतींत चित्रित झाले. पात्रे बोलत असताना मध्येच अनोळखी माणसांचे आवाज येतात. कुणी भाड्याबद्दल बोलतो, कुणी घरांच्या यादीत आपला नंबर किती वर्षांपासून आहे ते सांगतो. कॅथीची हकीकत एकटीची राहत नाही. दुसरे म्हणजे सँडफर्डने खलनायक ठेवलेला नाही. निवाऱ्यातली अधिकारी बाई दुष्ट नाही, ती फक्त नियम वाचून दाखवते. ज्यांनी रेशनकार्डाच्या किंवा दाखल्याच्या खिडकीसमोर उभे राहून 'उद्या या' ऐकले आहे, त्यांना ही बाई ओळखायला वेळ लागणार नाही. आणि तिसरे, आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते, नाटक तेथेच संपते. शेवटी पडद्यावर काही ओळी येतात: यातल्या सगळ्या घटना मागच्या अठरा महिन्यांत ब्रिटनमध्ये घडल्या आहेत, घर नसल्यामुळे दर वर्षी चार हजार मुले आईबापांपासून तोडली जातात. मग अंधार. मालिका असती, तर पुढच्या भागात कॅथीला वकील भेटला असता, मुले परत मिळाली असती, प्रेक्षक निश्चिंत होऊन झोपला असता. येथे त्याची झोप उडवून लेखक निघून गेला.

पुष्कळदा सांगितले जाते की, या नाटकामुळे बेघरांसाठी काम करणारी 'शेल्टर' ही संस्था जन्मली. तसे नाही. संस्थेची तयारी आधीपासून चालू होती, नाटक दाखवल्यावर दोन आठवड्यांनी, १ डिसेंबर १९६६ रोजी, तिची घोषणा झाली. नाटकाने तिला वारे दिले एवढे खरे. साहित्याने समाज बदलला, असे ढोल वाजवण्याची आपल्यालाही सवय आहे. लोच यांच्याच 'अप द जंक्शन' या १९६५ च्या नाटकात चोरून केलेल्या गर्भपाताचे भीषण दृश्य होते आणि १९६७ मध्ये ब्रिटनने गर्भपाताचा कायदा केला, म्हणून तेही श्रेय नाटकाला देणारे आहेत. कायदा संसदेतल्या आणि बाहेरच्या अनेक वर्षांच्या झगड्याने आला. नाटकाने एवढेच केले की, ज्या विषयावर घरात कुणी बोलत नव्हते, तो एका रात्री प्रत्येक घरात बोलला गेला. हेही काही कमी नाही.

यावर ओरड व्हायची ती झालीच. 'कॅथी' हे नाटक आहे की माहितीपट? खोट्या गोष्टीला खऱ्याचा पोशाख चढवणे ही फसवणूक नव्हे काय? हा आक्षेप तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी आणि वृत्तपत्रांनी घेतला. आम्हांला तो अगदीच फेकून देण्यासारखा वाटत नाही, कारण उद्या याच युक्तीने कुणी द्वेषही विकू शकतो. मात्र आक्षेप घेणाऱ्यांना दिवाणखान्यातल्या नाटकांच्या खोटेपणाचा त्रास कधी झाला नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. नीतीच्या बाजूने सर्वांत मोठा आवाज मेरी व्हाइटहाउस यांचा होता. १९६४ पासून त्यांनी दूरचित्रवाणी 'स्वच्छ' करण्याची मोहीम चालवली. या बाई पेशाने शिक्षिका होत्या. आमच्या पेशातल्या माणसांना जगाच्या वह्या तपासण्याचा मोह आवरत नाही, तो हा असा.

लोच यांच्या वास्तववादाचा एवढा बोलबाला झाला की, दुसऱ्या वाटेने गेलेल्या लेखकांकडे लक्ष कमी जाते. डेनिस पॉटर हा त्यांतला सर्वांत मोठा. त्याचे 'ब्लू रिमेम्बर्ड हिल्स' हे नाटक ३० जानेवारी १९७९ रोजी दाखवले गेले. युद्धकाळातली, १९४३ मधली एक उन्हाळी दुपार. सात वर्षांची मुले रानात खेळतात, भांडतात, एक खार मारतात. ही सगळी मुले प्रौढ नटांनी केली आहेत. अर्ध्या चड्डीतले केसाळ पाय घेऊन मोठी माणसे मुलांसारखी पळतात. प्रथम हसू येते. पाचदहा मिनिटांत हसू विरते, कारण लहान मूल जे करते ते मोठ्या शरीराने केले की, त्यातली क्रूरता लपत नाही. डोनाल्ड नावाचा एक मुलगा त्यांच्या थट्टेचा विषय आहे. त्याचा बाप युद्धात हरवला आहे. धान्याच्या कोठारात तो एकटा काड्यापेटी घेऊन बसलेला असताना बाकीची मुले गंमत म्हणून दार बाहेरून दाबून धरतात. आत आग लागते. डोनाल्ड जळून मरतो आणि मुले गवतात लपून एकमेकांना सांगत राहतात की, आपण तेथे नव्हतोच.

शाळेत काम करणाऱ्या माणसाला हे नाटक पाहणे जड जाते. मधल्या सुट्टीत मैदानाच्या कोपऱ्यात रोज एखादा डोनाल्ड उभा असतो आणि बालपण निरागस असते, हे वाक्य निबंधाच्या वहीत आम्हीच लिहून देतो. पॉटरने प्रौढ नट घेतले ते चमत्कृतीसाठी नव्हे. नाटकातली मुले मोठी झालेली नाहीत आणि पाहणारी मोठी माणसेही झालेली नाहीत, हे त्याला दाखवायचे होते. दार दाबून धरणारे हात आणि नंतर 'आम्ही तेथे नव्हतो' म्हणणारी तोंडे कोणत्याही दंगलीनंतर मोठ्यांतही सापडतात.

माइक ली यांच्या 'ॲबिगेल्स पार्टी'ची (१९७७) कीर्ती याहूनही मोठी आहे. नवश्रीमंत बेव्हर्ली शेजाऱ्यांना दारू पाजत राहते आणि शेवटी तिच्या नवऱ्याला हृदयविकाराचा झटका येतो. अभिनय अव्वल आहे, तरी आम्ही या नाटकाच्या पंक्तीला फार वेळ बसू शकलो नाही. सोफ्याचा रंग आणि ऑलिव्हची बशी यांवरून माणसाला हसणे सोपे असते. स्वतः पॉटरने वृत्तपत्रातल्या परीक्षणात या नाटकातल्या तुच्छतेवर कडक टीका केली होती आणि आमचे मत त्याच्या बाजूला झुकते.

एका रात्रीची सत्ता लेखकाला दिलेली असली, तरी किल्ल्या बीबीसीच्या साहेबांकडेच होत्या. पॉटरचे 'ब्रिमस्टोन अँड ट्रिकल' १९७६ मध्ये प्रक्षेपणाच्या तोंडावर रोखले गेले आणि १९८७ मध्ये दिसले. बालगुन्हेगारांच्या सुधारगृहातली मारहाण दाखवणारे रॉय मिंटन आणि ॲलन क्लार्क यांचे 'स्कम' १९७७ मध्ये तयार झाले, ते १९९१ पर्यंत कपाटात राहिले. मधल्या काळात त्याच कथेवर १९७९ मध्ये निराळा चित्रपट काढून त्यांनी ती लोकांपुढे आणली. मंटोला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, यांच्यावर खटला झाला नाही, फक्त डबे बंद झाले. पुष्कळ नाटकांचे तर डबेही उरले नाहीत. चित्रफीत महाग होती म्हणून जुने पुसून तिच्यावर नवे भरत. तरुण बॉब डिलनने काम केलेले १९६३ चे 'मॅडहाउस ऑन कॅसल स्ट्रीट' हे बीबीसीचे नाटक असेच १९६८ मध्ये पुसले गेले आणि बुधवारच्या कितीतरी नाटकांचेही हेच झाले. त्यांची रात्र अक्षरशः एकच ठरली.

आता दुसरा प्रश्न. ती रात्र कुणाला मिळाली?

बहुतेक वेळा गोऱ्या पुरुषांना, हे यादी पाहिली तरी कळते. पण अपवाद आहेत आणि त्यांतला एक आम्हांला या सगळ्या नाटकांत अधिक जवळचा वाटला. जॅक रोझेंथल हे मँचेस्टरचे ज्यू लेखक. त्यांनी आधी 'कॉरोनेशन स्ट्रीट' या प्रचंड लोकप्रिय मालिकेचे शंभराहून अधिक भाग लिहिले होते, म्हणजे दास्तानीत त्यांची हयात गेली होती. १९७६ मध्ये त्यांचे 'बार मिट्झवा बॉय' हे नाटक आले. एलियट ग्रीन हा तेरा वर्षांचा मुलगा. ज्यू रीतीप्रमाणे त्या वयात मुलाने प्रार्थनास्थळात सर्वांसमोर तौरातचा भाग पठण केला की, तो पुरुष गणला जातो. आईला पठणाची चिंता नाही. तिला चिंता आहे मेजवानीची. हॉल, पाहुण्यांची संख्या, केशरचना, कोण रुसेल, कोण कुठे बसेल. बाप टॅक्सी चालवतो आणि खर्चाने वैतागला आहे. आपल्या घरी खतम-ए-कुरआनचा किंवा लग्नाचा समारंभ झाला असेल, तर हे घर कोणत्या मोहल्ल्यातले आहे, असे विचारावेसे वाटते. ऐन प्रसंगी, पुकारा झाल्यावर, एलियट उठतो आणि सर्वांदेखत बाहेर चालता होतो. का? कारण त्याने बाप, आजोबा आणि बहिणीचा मित्र यांना नीट पाहिले आहे. हे जर पुरुष असतील, तर त्याला पुरुष व्हायचे नाही. पुढे मुलांच्या मैदानात तो बहिणीला तेच पठण बिनचूक म्हणून दाखवतो.

रोझेंथल धर्माची टवाळी करत नाहीत आणि वकिलीही करत नाहीत. बाहेरच्या प्रेक्षकाला समजावे म्हणून कुणी पात्र रीतिरिवाज समजावून सांगत नाही. ज्यू माणसे सज्जन दाखवली पाहिजेत, हे दडपण लेखणीवर नाही. आई फणकारते, आजोबा स्वतःतच गुंग, बाप हतबल, तरी त्या घरावर आपला जीव बसतो. अल्पसंख्य लेखकाला असे आतून आणि सैल हाताने लिहिता येणे ही फार मोठी सवलत आहे, आणि ती मिळवायला एका समाजाला त्या देशात काही पिढ्या घालवाव्या लागल्या असणार.

भारतीय उपखंडातून गेलेल्या माणसांना ही सवलत त्या काळी नव्हती. त्यांचे पडद्यावरचे ठळक आगमन १९७५ च्या 'गँगस्टर्स' या नाटकात झाले. फिलिप मार्टिन यांनी लिहिलेले हे नाटक बर्मिंगहॅमच्या गुन्हेगारी जगाचे. नाटक वेगवान होते आणि शहराचा मिश्र चेहरा त्यात दिसला, याचे श्रेय दिले पाहिजे. पण आपली माणसे त्यात शिरली ती बेकायदा स्थलांतराच्या आणि टोळ्यांच्या दारातून. या नाटकावरून १९७६ पासून मालिका निघाली, तीत रफीक नावाच्या हिकमती माणसाचे काम सईद जाफरी यांनी केले. अफसान्याची दास्तान झाली आणि दास्तानीत आपल्या वाट्याला तिलिस्मातला अय्यार आला.

आतून लिहिण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. १९८१ मध्ये 'द गार्लंड' हे नाटक 'प्ले फॉर टुडे'त आले. त्याचे लेखन मुंबईत जन्मलेले एच. ओ. नाझरेथ आणि त्रिनिदादचे होरेस ओव्हे यांचे, दिग्दर्शन ओव्हे यांचे. 'कॅथी' आणि 'ॲबिगेल' यांची नावे घेणारे या नाटकाचे नाव क्वचितच घेतात. तीन वर्षांनी, १९८४ मध्ये, सगळा उपक्रमच बंद झाला. सुटे नाटक महाग पडते, दर वेळी नवे नेपथ्य, नवे नट. मालिका परदेशात विकता येते, एकटे नाटक कोण घेणार? शिवाय नव्या चॅनल फोरने दूरचित्रवाणीसाठी चित्रपट काढायला सुरुवात केली होती. म्हणजे आपल्या माणसाला दार उघडले, तेव्हा घरातली मंडळी सामान बांधत होती.

त्या चॅनल फोरसाठीच हनीफ कुरेशी यांनी 'माय ब्युटिफुल लाँड्रेट' लिहिले आणि १९८५ मध्ये स्टीफन फ्रिअर्स यांनी ते दिग्दर्शित केले. फ्रिअर्स हे 'प्ले फॉर टुडे'तच काम केलेले दिग्दर्शक, म्हणून या कलाकृतीला त्या नाटकांचे शेवटचे भावंड म्हणायला हरकत नाही. ओमर नावाचा पाकिस्तानी तरुण काकाचे कपडे धुण्याचे दुकान चालवायला घेतो. त्याचा भागीदार आणि प्रियकर जॉनी हा पूर्वी वंशद्वेष्ट्यांच्या मोर्चात फिरलेला गोरा पोरगा. ओमरचा बाप समाजवादी पत्रकार, आता अंथरुणाला आणि बाटलीला खिळलेला. काका नासिर धंदेवाईक, रंगेल, भाडेकरूंना रस्त्यावर काढणारा. कॅथीला घराबाहेर काढणारा वारस वीस वर्षांनी आपल्यातलाच निघाला!

यावर न्यूयॉर्कमध्ये पाकिस्तानी मंडळींनी निदर्शने केली. समाजाची बदनामी, घरातली घाण चव्हाट्यावर. कुरेशी यांची भूमिका अशी की, लेखक हा समाजाचा जनसंपर्क अधिकारी नसतो. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमान लेखकाला हा तगादा दोन्हीकडून असतो. बाहेरचे म्हणतात, तुमच्या लोकांबद्दल खरे लिहा, म्हणजे वाईट लिहा. घरातले म्हणतात, चांगले लिहा, म्हणजे खोटे लिहा. निदर्शकांचा राग आम्हांला समजतो. ज्या समाजाला पडद्यावर एकच रात्र मिळते, त्याला त्या रात्री चांगल्या कपड्यांत बसायचे असते. ज्यूंकडे एलियट होता, त्याच्या आधीचे आणि नंतरचेही होते. आपल्याकडे तेव्हा ओमर एकटा होता. पण यावर ओमरला कोट घालणे हा उपाय नव्हे, अशा आणखी दहा रात्री मागायला हव्या होत्या.

आणि नासिरचे काम करणारा नट पाहा. बायको, रखेली, मुलगी, भाऊ आणि धंदा यांच्यात फाटलेला हा माणूस शेवटी एकटा पडतो, तेव्हा त्याची कीव येते, राग येतो, हसूही येते. नट तेच, सईद जाफरी. 'शतरंज के खिलाडी'तले आपले मीर साहेब. मालिकेतला १९७६ चा रफीक आणि हा १९८५ चा नासिर, मध्ये नऊ वर्षे.